कॉफी सुटली, कषाय लागला

बेळगावात राहून सकाळची फिल्टर कॉफी सोडायची म्हणजे घरच्यांनाच पहिल्यांदा शंका येते, बरं हाय न्हवं म्हणून. पण माझ्या पोटानं गेल्या पावसाळ्यापास्नं जीव नको केलेला, उपाशीपोटी कॉफी घेतली की अर्ध्या तासात छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. कॉफीनं पोटातलं ॲसिड वाढतं, आणि नुसतं कॅफिनच नाही, डीकॅफनं (कॅफिन काढलेल्या कॉफीनं) पण वाढतं, त्यामुळं तो महागडा डबा आणून काय फरक पडला नाही (पैसे गेले ते गेलेच).

मग शेजारच्या कन्नड काकूंनी कषाय, म्हणजे मसाल्याचा काढा, शिकवला. धने जास्त, त्याच्या निम्मे जिरे, थोडी बडीशेप, सगळं मंद आचेवर भाजून जाडसर कुटायचं, एक चमचा पावडर पाण्यात उकळून गूळ आणि वरनं दूध. मिरी-सुंठ पण घालतात, पण मला मिरीनं परत जळजळायला लागलं म्हणून काढली. रविवार पेठेतनं धने-जिरे आणते आणि महिन्याचं एकदम करून ठेवते.

पहिले चार दिवस डोकं असलं दुखलं की विचारू नका, कॅफिन एकदम बंद केलं की होतं तसं, हळूहळू कमी करायला पायजे होतं. उन्हाळ्यात नाचणीचं आंबील घेते, पोटाला थंड. फिल्टर कॉफीत मिसळतात त्या चिकोरीत (एक भाजलेली मुळी) कॅफिन नसतं म्हणून तीपण नुसती उकळून बघितली, कडूजार! नवरा मात्र समोर बसून कॉफी फुर्र फुर्र पितोय, मुद्दाम.