फुएन्ते दे: चार मिनिटांचा रोपवे आणि त्याची रांग

ऑगस्टमध्ये उत्तर स्पेनच्या पिकोस दे एउरोपा डोंगरांत सुट्टी काढायचा बेत असेल, तर बाकी सगळं नंतर ठरवा, आधी फुएन्ते देच्या रोपवेचं बघा. माझा वैताग अजून उतरलेला नाही. रायगडच्या रोपवेला सुट्टीत रांग लावलेल्यांना तो लगेच कळेल.

मुक्कामाला पोतेस गाव चांगलं. सान्तान्देरकडून गाडीने यायचं, ला एर्मिदाची २१ किलोमीटरची अरुंद घळ ओलांडली की थोड्याच वेळात गाव. तिथून फुएन्ते दे २३ किलोमीटर. रस्ता तिथेच संपतो आणि समोर चुनखडीची सरळसोट भिंत उभी राहते.

रोपवे १९६६ चा. १,०७० मीटरवरून थेट १,८२३ मीटरवर नेतो, मध्ये एकही खांब नाही आणि वेळ चार मिनिटांच्या आत. ऐकायला झकास. पण डबे दोनच, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि एका डब्यात माणसं वीस. माणसं चढण्या-उतरण्याचा वेळ धरून तासाला फार तर दहा-बारा फेऱ्या होणार, म्हणजे २००-२४० माणसं. पुढे पाचशे जण असतील तर दोन तास तरी गेलेच. तिथल्या लोकांनी कितीही हात चालवले तरी हे गणित बदलत नाही, त्यामुळे खिडकीपाशी वाद घालून उपयोग नाही.

त्यातून रांगा दोन. एक तिकिटाची, दुसरी डब्यात बसायची. तिकीट हातात पडलं की माणूस सुटल्यासारखा हॉटेलकडे कॉफीला निघतो आणि खरी वाट बघणं तिथून सुरू होतं. तिकीट आधीच ऑनलाइन काढलं तर पहिली रांग तरी टळते. तरीही पहिल्या फेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. दहानंतर पोतेसकडून गाड्यांची माळ लागते. वारा वाढला तर रोपवे बंद ठेवतात, म्हणून आदल्या रात्री हवामान बघून मगच दिवस ठरवा. फक्त पाऊस आहे की नाही हे बघून भागत नाही, वाऱ्याचा वेगही बघा. एक मात्र खरं, खाली ढग दाटले असले तरी वर लख्ख ऊन असू शकतं. ढगांच्या वर निघालात तर रांगेचा राग निम्मा विरतो. निम्माच.

परतीचं तिकीट आहे म्हणून खाली यायला लगेच जागा मिळेल असं समजू नका. दुपारी चारनंतर वर गेलेले सगळे एकदम उतरायला येतात आणि वरच्या स्टेशनात तीच रांग पुन्हा. यावर माझा सरळ उपाय: जातानाचंच तिकीट काढा आणि आलिवाच्या कुरणांतून चालत उतरा. साधारण १४ किलोमीटर, रमतगमत चार-साडेचार तास. सुरुवातीला कोवार्रोब्रेसच्या खिंडीपर्यंत थोडा चढ, पुढे उतारच उतार. वाट बहुतेक जीपची, चुकायची भीती कमी. कुरणांत गाई चरत असतात. राजा आल्फोन्सो तेराव्याच्या शिकारीसाठी १९१२ मध्ये बांधलेलं लाकडी घर वाटेत दिसतं. गाडी फुएन्ते देला लावली असेल तर एस्पिनामा गावात उतरू नका, त्याआधी उजवीकडे फुएन्ते देची पाटी बघा. नाहीतर शेवटी डांबरी रस्त्याने चार किलोमीटर चढावं लागतं. इतक्या उतारावर गुडघे बोलायला लागतात, काठ्या न्याच.

रोपवेशेजारच्या हेन्दुदाच्या घळीतून उतरायचा मोह मात्र आवरा. नकाशावर ती जवळ दिसते, पण प्रत्यक्षात सुटे दगड आणि हात टेकावे लागतील असा कडा. ज्यांना सवय आहे ते तिथून चढतात. उतरणं वेगळं.

पाण्याचं राहिलंच. वर झरा मिळेल या भरवशावर राहू नका, चुनखडीत पाणी मुरून जातं. माणशी दोन लिटर खालूनच न्या. ओर्कादोस रोखोसच्या खिंडीपर्यंत जायचं असेल तर अडीच लिटर. ही वाट वरच्या स्टेशनापासून एका बाजूने पाच किलोमीटर आणि २,३०० मीटरच्या वर जाते. जवळच काबान्या बेरोनिका नावाचा पत्र्याचा चिमुकला निवारा आहे, तो एका अमेरिकन विमानवाहू जहाजाच्या घुमटापासून १९६१ मध्ये उभारला. खिंडीतून नारान्खो दे बुल्नेसचा सुळका दिसतो, त्यासाठी पायपीट सार्थकी लागते. जूनमध्ये या बाजूला बर्फ असू शकतो. धुकं उतरलं तर दगडांच्या रचलेल्या खुणांपासून हलू नका. मदतीचा नंबर ११२.

पायांना आराम हवा असेल तर ला एर्मिदाला गरम पाण्याचे झरे आहेत. देबा नदीच्या काठी दगड रचून केलेल्या कुंडांत फुकट बसता येतं, फक्त नदीला पाणी जास्त असेल तेव्हा नको. जेवणाची वेळ दुपारी दीड ते साडेतीन. तेव्हा चुकलात तर रात्री साडेआठपर्यंत गरम जेवणाचं नाव नाही, आणि दुपारी दुकानंही बंद. शाकाहारींनी 'कोसिदो' हा हरभऱ्याचा रस्सा मागवू नये, हरभरे बघून फसाल, त्यात मांस असतंच. चीज मात्र मनसोक्त खा. सोमवारी पोतेसचा आठवडी बाजार भरतो, चीज तिथेच घ्या. त्या दिवशी गावात गाडी लावायला जागा मिळणं मुश्किल, तेव्हा नऊच्या आत पोहोचा.