ढोम्याच्या नावाचा दाखला

माशाची जात ओळखून तसा दाखला हवा असेल, तर त्या कार्यालयाच्या फॉर्मवरचा एक रकाना आधीच नीट बघून ठेवा: ‘नमुन्याचे वैज्ञानिक नाव, अनिवार्य’. वैज्ञानिक नाव कळावं म्हणूनच तर माणूस तिथे जातो. पण ते लिहिल्याशिवाय खिडकीतले साहेब फॉर्म हातात घेत नाहीत. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. ज्यांना जावं लागतं त्यांना ते बरोबर कळेल.

माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या माशांवर होता. आमच्या मॅडमचा आग्रह असा, की यादीतल्या प्रत्येक नावामागे जाणकाराची सही हवी. बांगडा, तारली, बोंबील, राणी मासा यांना कुणी काही विचारलं नाही. पापलेटवर थोडी चर्चा झाली, कारण पुस्तकांतून आपण पॅम्पस आर्जेंटियस शिकलो, पण अलीकडच्या अभ्यासांनी आपल्याकडच्या पापलेटला पॅम्पस कँडिडस हे नाव दिलंय. 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, तरी कॉलेजच्या बरणीवर अजून जुनंच लेबल आहे. हे सगळं एका बैठकीत उरकलं.

अडलं ते ढोम्यावर.

ढोमा, घोळ, कोथ हे सगळे सायनिडी या एकाच कुळातले. कुळापर्यंत पोचणं सोपं असतं. पाठीच्या पराला मधोमध खोल खाच, गुदपराला (पोटाखालच्या मागच्या पराला) दोनच काटे आणि पार्श्वरेषा, म्हणजे अंगाच्या बाजूवरची रेघ, थेट शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत गेलेली, एवढं दिसलं की कूळ नक्की. खरी पंचाईत त्यापुढे होते. लहान ढोमे वरून सगळे सारखेच, राखाडी-चंदेरी. रंगावर जावं तर बर्फात तासभर राहिले की रंग उडतो. म्हणून या कुळात जात ओळखायची ती पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आणि डोक्यातल्या, कानाच्या खड्यांवरून.

ही पिशवी म्हणजे तेच बोत, ज्याच्यापायी घोळीला सोन्याचा भाव येतो. 2021 मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या बोटीला दीडशेवर घोळी लागल्या आणि त्या कोटीच्या वर गेल्या, ती बातमी आठवत असेल. आमच्या ढोम्याच्या बोताला कुणी विचारत नाही, पण ओळख सांगायला ते एक नंबर. जॉनियस वंशात पिशवीचं पुढचं टोक आडवं फाकून हातोडीचा आकार घेतं, तर याच कुळातल्या पेनाहिया वंशात ते निमुळत्या गाजरासारखं असतं. दोन्ही कडांना फांद्याफांद्यांची उपांगं फुटलेली असतात, ती मोजायची. याच पिशवीच्या बाजूचे स्नायू थरथरवून हे मासे पाण्यात गुरगुरतात.

तर मी ढोमा घेऊन गेले. पोट शाबूत, लेबल आत, फोटो सोबत. साहेबांनी फॉर्म बघितला.

“हा कॉलम रिकामा आहे.”

“अहो सर, तेच तर विचारायला आलेय.”

“रिकामा चालत नाही. सिस्टिम घेत नाही.”

मी तिथेच ‘सायनिडी’ लिहिलं. ते म्हणाले, कूळ नको, जात पाहिजे. मी म्हटलं, अंदाजाने लिहू का? तर म्हणे, “अंदाजाने लिहून खोटी माहिती दिलीत तर जबाबदारी तुमची.” खाली तसं छापलेलंही होतं. आता बोला!

परत आले. मॅडमनी कॉलेजचं पत्र दिलं, ते घेऊन पुन्हा गेले. या वेळी खिडकीत दुसरे कुणीतरी होते. त्यांना नाव नको होतं, पण ‘ओळख पटवणाऱ्याची सही’ हा शेवटचा रकाना भरलेला हवा होता. तो रकाना त्यांच्याच तज्ज्ञाने भरायचा, हे मी सांगितलं. ढोम्याची बाटली तिथेच ठेवून आले. तज्ज्ञ सर दौऱ्यावर होते. आले की मीटिंगमध्ये, आणि मीटिंग संपली की जेवणाची सुट्टी. फोन लावावा तर “मागच्या आठवड्यात बाटली आलीय ना, मग येईल नंबर”. आवक नोंदवहीत माझ्या बाटलीचा पत्ताच नव्हता, हे पुढच्या खेपेला कळलं. ती टेबलाखालच्या खोक्यात होती, झाकण सैल, अर्धं अल्कोहोल उडालेलं. मासा वरच्या बाजूने कडक झालेला. मी तिथेच माझ्याजवळची बाटली काढून अल्कोहोल भरलं. शिपाईकाका म्हणाले, “ताई, तुम्ही आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका, इथे तोंडी काही नसतं.” सगळ्या खटाटोपात उपयोगाचं एवढं एकच वाक्य त्या इमारतीत ऐकलं.

रकान्याचा तिढाही त्यांनीच सोडवला. “सगळे तिथे काय लिहितात माहितीये? पुढे ‘एसपी’ लावतात.” म्हणजे वंशाचं नाव आणि पुढे ‘एसपी.’, जात ठरायची आहे अशा अर्थाने. शास्त्रात ही पद्धत सर्रास चालते, मला माहीतही होती, पण जो रकाना ‘जात पाहिजे’ म्हणून माझ्यावर खेकसला तो एवढ्याने गप्प बसेल असं कुणाला वाटेल? ‘जॉनियस एसपी.’ लिहिलं आणि सिस्टिमने मुकाट घेतलं.

त्यासाठी निदान वंश तरी माहीत हवा, आणि तो तोवर माझा मी काढला होता. वाट बघत बसण्याचा कंटाळा आला म्हणून मिरकरवाड्यातून त्याच प्रकारचे आणखी ढोमे आणले. मावशी सवयीने पोट काढायला गेल्या.

“नको मावशी, अख्खाच द्या.”

“मग घाण काढणार कोण, तुझी आई?”

मासा नेहमी उजव्या बाजूने कापायचा, कारण मोजमापं आणि फोटो डाव्या बाजूचे घेतात. आतडी खेचायची नाहीत. पिशवी वर, मणक्याला लागून असते. पडदा हलक्या हाताने सोडवत आणायचा आणि पाण्याच्या ट्रेमध्ये तरंगत ठेवायचा. पाण्यात सोडल्याबरोबर उपांगं आपोआप उलगडली आणि पुढे हातोडी स्वच्छ दिसली. मग कवटीची वरची बाजू कापून दोन्ही खडे काढले. पांढरे, जाड, बोटाच्या नखाएवढे. त्यावर या कुळाची खूण असलेला ठसा दिसतो: पुढे रुंद, मागे वळलेली शेपटी. रात्री हॉस्टेलच्या मेसमध्ये मी तो खडा सगळ्यांना दाखवत फिरले, हे कबूल करायला हरकत नाही.

तज्ज्ञ सर शेवटी भेटले तेव्हा त्यांनी बाटलीतला मासा उघडला, उपांगं मोजली, दात भिंगाखाली बघितले आणि चहा निवायच्या आत सांगितलं: जॉनियस डुसुमिएरी. माझ्या वहीत हेच होतं. माणूस उत्तम, त्यांच्यापर्यंत पोचवणारी व्यवस्था तशी नाही.

दाखला आला तोही चुकीचा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युविएने 1830 मध्ये ही जात वर्णिली. भारताच्या किनाऱ्यावरून मासे गोळा करून पॅरिसच्या संग्रहालयाला देणाऱ्या डुसुमिए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याचं नाव तिला दिलं. क्युविएने तेव्हा ती दुसऱ्या वंशात घातली होती, म्हणून प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमाप्रमाणे आज ‘क्युविए, 1830’ कंसात लिहावं लागतं. टाइप करणाऱ्याने कंस खाल्ले. मॅडमनी दाखला परत पाठवला. दोन कंसांसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा आवक नंबर!

आता आठवतंय तसं सांगते. लेबल पेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका; बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. डीएनए करायची शक्यता असेल तर फॉर्मॅलिनमध्ये घालण्याआधी स्नायूचा छोटा तुकडा कडक अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, नंतर पस्तावून उपयोग नाही. खोल पाण्यातल्या ट्रॉलमधून (ओढून नेायच्या जाळ्यातून) आलेल्या ढोम्यांचं बोत कधीकधी वर येताना फुटलेलं असतं, म्हणून एकाच माशावर विसंबू नका. नाव जुनं की नवीन हे एश्मेयरच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे माशांच्या वैज्ञानिक नावांच्या सूचीत, तपासा. घोळीलाच जुन्या पुस्तकांत सूडोसायना म्हटलंय, आता ती प्रोटोनिबिया.

आणि फॉर्म खिडकीत देताना त्याची झेरॉक्स जवळ ठेवून तिच्यावर शिक्का मारून घ्या. कंसांच्या वेळी त्या शिक्क्यामुळेच माझा अर्ज त्याच दिवशी सापडला.