जागा कोणी मिळवली, गेले कोण

ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथे झालेल्या जागतिक नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राच्या दोन नेमबाजांनी भारताला पॅरिस ऑलिंपिकची एकेक जागा मिळवून दिली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. १० मीटर एअर रायफलच्या सुवर्णपदकाच्या लढतीत त्याने इटलीच्या डॅनिलो सोलाझोला १७-१३ असे हरवले आणि अभिनव बिंद्रानंतर या प्रकारात जगज्जेता होणारा तो दुसराच भारतीय ठरला. त्यानंतर काही दिवसांनी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात चौथा आला. त्याचे पदक हुकले, पण कोटा, म्हणजे ऑलिंपिकची जागा, मिळाला. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी जिथे झाली त्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नीलने कांस्यपदक जिंकले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. रुद्रांक्ष मात्र त्या ऑलिंपिकच्या संघातच नव्हता.

नेमबाजीचे निकाल मी बऱ्याच वर्षांपासून नेमाने पाहत आलो आहे. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात ओळखीच्या अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला : जो मुलगा जगज्जेता झाला आणि ज्याने पात्रताही मिळवली, तो संघात कसा नाही? विचारणाऱ्यांच्या बोलण्यात राग होता आणि यात काहीतरी राजकारण असणार, अशी त्यांची जवळजवळ खात्रीच झालेली होती. मला तसे वाटत नाही. पण का वाटत नाही, हे सांगायचे तर ऑलिंपिकची पात्रता नेमकी कोणाच्या नावावर लागते, हे आधी पाहावे लागेल.

ॲथलेटिक्समध्ये हा हिशेब बराच सरळ असतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे जुलै २०२३ मध्ये पोलंडमधल्या सिलेशिया डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत धावला, तेव्हा तो सहावा आला होता. पण त्याची वेळ ८ मिनिटे ११.६३ सेकंद होती आणि पॅरिससाठीचा निकष ८ मिनिटे १५ सेकंदांचा होता. त्या शर्यतीनंतर त्याची पात्रता त्याच्या नावावर जमा झाली. एकाच देशाचे तिघांहून अधिक धावपटू पात्र ठरले, तरच पुढे निवडीचा प्रश्न येतो, आणि स्टीपलचेसमध्ये आपल्याकडे ती वेळ आली नाही. अविनाशला त्यानंतर वर्षभर केवळ ऑलिंपिकच्या तयारीचा विचार करता आला. पॅरिसमध्ये तो या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला, त्याला हा निश्चिंत काळही कारणीभूत असावा, असे मला वाटते.

नेमबाजीत असे होत नाही. जागतिक अजिंक्यपद, आशियाई अजिंक्यपद किंवा पात्रता फेरीची स्पर्धा, यांपैकी कुठेही नेमबाजाने कोटा मिळवला तरी तो त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीचा होतो. एका देशाला एका वैयक्तिक प्रकारात जास्तीत जास्त दोन जागा मिळतात आणि त्या जागांवर कोणाला पाठवायचे, हे देशाने ठरवायचे असते. आपल्याकडे हे काम राष्ट्रीय रायफल संघटना करते. पॅरिससाठी तिने एप्रिल आणि मे २०२४ मध्ये दिल्ली व भोपाळ येथे रायफल आणि पिस्तूल प्रकारांच्या चार निवड चाचण्या घेतल्या आणि त्यांतल्या गुणांवर संघ ठरवला.

याचा परिणाम किती दूरवर गेला, हे एकेक नाव घेतल्याशिवाय लक्षात येत नाही. पॅरिस ऑलिंपिकसाठी भारताला मिळालेली अगदी पहिली जागा सप्टेंबर २०२२ मध्ये क्रोएशियातल्या ओसियेक येथे ट्रॅप, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्या टिपण्याच्या प्रकारात भवनीश मेंदीरत्ताने मिळवली होती. पॅरिसला पुरुषांच्या ट्रॅपमध्ये पृथ्वीराज तोंडैमान उतरला. महिलांच्या १० मीटर एअर रायफलच्या दोन जागा मेहुली घोषने बाकूला आणि तिलोत्तमा सेनने चांगवॉनला, दोन्ही २०२३ मध्ये, मिळवल्या होत्या. प्रत्यक्षात रमिता जिंदल आणि इलावेनिल वालारिवन गेल्या, म्हणजे जागा मिळवणाऱ्या दोघींपैकी एकीलाही ऑलिंपिकचा नेम धरता आला नाही. महिलांच्या १० मीटर एअर पिस्तुलाच्या जागा ईशा सिंगने जकार्ता येथे आणि पलक गुलियाने रिओ येथे मिळवल्या. त्या प्रकारात पॅरिसला मनू भाकर आणि रिदम सांगवान उतरल्या आणि मनूने कांस्य जिंकून भारताचे पदकांचे खाते उघडले. ईशा निदान २५ मीटर पिस्तुलात खेळली. पलक, जी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत याच १० मीटर एअर पिस्तुलाची सुवर्णविजेती होती, घरीच राहिली. मनूच्या त्या पदकाचा आनंद मला अजूनही आहे. पण ज्या दाराने ती आत गेली, ते कोणी उघडले होते, हे त्या दिवशीच्या बातम्यांत मला कुठे आढळले नाही.

पुरुषांच्या १० मीटर एअर रायफलमध्ये कैरोची जागा रुद्रांक्षची होती आणि चांगवॉनची अर्जुन बबुताची. चाचण्यांअखेर संदीप सिंग आणि अर्जुन पहिले दोघे ठरले आणि रुद्रांक्ष तिसरा. संदीप सैन्यदलाचा नेमबाज. त्याने स्वतः कोटा मिळवला नव्हता, पण त्या महिन्यात तो सर्वांत चांगला खेळत होता. या प्रकारात प्राथमिक फेरीत साठ गोळ्या झाडायच्या असतात आणि प्रत्येक गोळीचे गुण दशांशात मोजले जातात. दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो. असा ठिपका दहा मीटरवरून साठ वेळा टिपायचा, आणि तोही चार चाचण्यांत, तेव्हा पहिल्या तिघांत खेळाच्या प्रतीचा फरक जवळपास नसतोच. तरीही कोणीतरी तिसरा येतो.

आता माझे मत. ही पद्धत मला न्याय्य वाटते. कैरो आणि पॅरिस यांच्यामध्ये पावणेदोन वर्षांचे अंतर होते, आणि नेमबाजी हा असा खेळ आहे की एवढ्या काळात उभे राहण्याची ढब, श्वासाची लय, ट्रिगरवरचा हात, सगळे बदलू शकते. अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या मुलाच्या बाबतीत तर शरीरही वाढत असते. देशाने त्या घडीला सर्वांत चांगले असलेले दोघे पाठवावेत, हे तत्त्व चुकीचे म्हणता येणार नाही. अर्जुन बबुता पॅरिसमध्ये चौथा आला आणि पदकाच्या अगदी जवळ पोहोचला, म्हणजे चाचण्यांनी निदान एक माणूस तरी अचूक निवडला होता. रुद्रांक्ष गेला असता तर काय झाले असते, या प्रश्नाला उत्तर नाही आणि त्यावर वाद घालून संदीपच्या मेहनतीला कमी लेखणे योग्य नाही.

ज्यांना ही पद्धत अन्यायकारक वाटते, त्यांनी स्वप्नीलकडे पाहावे. त्याच्याही गाठीला कैरोचा कोटा होता आणि त्यालाही त्याच चाचण्या द्याव्या लागल्या. थ्री पोझिशन्स प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा वीस-वीस गोळ्या झाडायच्या असतात आणि स्पर्धा तासन्तास चालते. तिच्यासाठी लागणारा दम चाचणीत चार वेळा दाखवायचा, म्हणजे ऑलिंपिकच्या आधी चार मोठ्या स्पर्धा खेळण्यासारखेच झाले. त्या प्रकारात भारताची दुसरी जागा अखिल श्योराणने बाकूच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदकासह मिळवली होती. चाचण्यांतून ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर आणि स्वप्नील निवडले गेले आणि अखिल राहिला. पॅरिसमध्ये प्राथमिक फेरीत स्वप्नीलचे ५९० गुण झाले, तो सातवा आला आणि अंतिम आठांत शिरला. ऐश्वर्यचे ५८९ झाले आणि तो अकरावा राहिला. एका गुणाचा फरक! अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या आणि पालथ्या टप्प्यांत मागे असलेला स्वप्नील उभ्याने झाडायच्या गोळ्यांवर वर सरकत गेला आणि ४५१.४ गुणांवर तिसरा आला. ज्याने जागा मिळवली, त्यानेच ती चाचणीत राखली आणि त्यानेच पदक आणले, असा हा विरळा योग होता.

अखिलबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्वप्नील, ऐश्वर्य आणि अखिल या तिघांनी मिळून सांघिक सुवर्ण जिंकले, पण वैयक्तिक अंतिम फेरीत एका देशाच्या दोघांनाच जाता येत असल्यामुळे प्राथमिक फेरीत पाचवा येऊनही अखिल बाहेर राहिला. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत ऑलिंपिकच्या बाबतीतही तेच घडले. आपल्याच देशात इतके चांगले नेमबाज तयार होणे हे भाग्याचे आहे, पण त्या भाग्याची किंमत एकाच माणसाने दोनदा मोजली.

कुस्तीत कोटा असाच देशाच्या मालकीचा असतो, पण तिथे रीत वेगळी पडली. पॅरिससाठी कुस्ती महासंघाने शेवटची निवड चाचणी घेतलीच नाही; ज्याने कोटा मिळवला, तोच गेला. या पद्धतीलाही धोके आहेत, आणि महाराष्ट्राला ते चांगले ठाऊक आहेत. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवने २०१५ च्या लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्य जिंकून रिओ ऑलिंपिकचा कोटा मिळवला होता. दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशीलकुमार चाचणी मागत दिल्ली उच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली, मग उत्तेजक चाचणीचे प्रकरण उद्भवले आणि शेवटी क्रीडा लवादाने नरसिंगवर चार वर्षांची बंदी घातली. त्या गटात रिओला भारताकडून कोणीच लढले नाही. यातल्या उत्तेजकांच्या भागाबद्दल मी काही म्हणत नाही. पण चाचणी घ्यायची की नाही, हे कोटा मिळण्याच्या आधीच लिहून ठेवलेले असते, तर निदान न्यायालयाची पायरी कोणाला चढावी लागली नसती.

म्हणून पद्धत कोणती असावी, यापेक्षा ती केव्हा ठरते, हा मुद्दा मला मोठा वाटतो. नेमबाजाने कोटा मिळवताना त्याला हे माहीत असले पाहिजे की पुढे किती चाचण्या होतील, कोणत्या महिन्यात होतील, कोणते गुण धरले जातील आणि कोटा मिळवल्याचा त्याला काय लाभ होईल. मे महिन्याच्या मध्यावर चाचण्या संपल्या आणि जुलैच्या अखेरीस स्पर्धा सुरू झाली, तर निवडलेल्यांनाही दम घ्यायला आणि पुन्हा शिखरावर यायला फार थोडा वेळ उरतो. चाचण्या महिनाभर आधी आटोपता येणार नाहीत, असे मला तरी दिसत नाही.

कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे झोपून झाडायच्या, रायफलची जगज्जेती झाली, तरी तिला ऑलिंपिकला जायला टोकियोची वाट पाहावी लागली. २०१९ मध्ये दोहाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत थ्री पोझिशन्समध्ये चौथी येऊन तिने कोटा मिळवला तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती, आणि प्रत्यक्ष ऑलिंपिक झाले तेव्हा चाळिशी गाठलेली. एवढी वर्षे ती रोज रेंजवर जात होती, ती त्या एका जागेसाठी. रुद्रांक्षला पुढे अजून खूप वर्षे आहेत, हे यावरून समजते. एप्रिल २०२५ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या विश्वचषकात त्याने एअर रायफलचे सुवर्ण जिंकले, तेव्हा पॅरिसचे शल्य त्याने रेंजवरच उतरवायला घेतले आहे, असे मला वाटले.

पॅरिसला गेलेल्या ११७ भारतीय खेळाडूंची यादी सगळीकडे छापून आली आणि त्यांतले २१ नेमबाज होते. माझी राष्ट्रीय रायफल संघटनेकडे आणि क्रीडा मंत्रालयाकडे एवढीच मागणी आहे की लॉस एंजेलिस २०२८ चा संघ जाहीर करताना प्रत्येक जागेपुढे ती कोणी, कुठे आणि कोणत्या दिवशी मिळवली हेही छापावे. आणि जागा मिळवूनही जे संघात नसतील, त्यांना राखीव म्हणून सरावाच्या शिबिरात शेवटपर्यंत ठेवावे आणि त्यांचा खर्च संघातल्या खेळाडूंइतकाच उचलावा. निवडीचे निकषही पहिला कोटा मिळण्यापूर्वीच, इंग्रजीबरोबर हिंदीत आणि जमल्यास मराठीत, सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध करावेत, कारण कांबळवाडीतल्या एखाद्या पालकालाही आपल्या मुलाला पुढे काय करावे लागणार आहे, हे स्वतः वाचून कळायला हवे.