पतसंस्थेत ठेव ठेवू का?

केळीचे पैसे हातात आले की रावेर-यावलकडून फोन ठरलेला: "पतसंस्थेत बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देताहेत. ठेवू का? वर रिझर्व्ह बँक आहेच की!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, वर रिझर्व्ह बँक नाही. पतसंस्थेवर देखरेख सहकार खात्याच्या निबंधकांची, मल्टिस्टेट म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी असेल तर थेट दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांची. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ व्याजासह ५ लाखांपर्यंत भरून देतं. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही.

म्हणून पतसंस्था वाईट, असं मी म्हणणार नाही. भाजीच्या गाडीवाल्याला बँक उभं करत नाही. पिग्मी एजंट मात्र रोज त्याच्या गाडीपाशी येतो आणि अडीनडीला कर्जही मिळतं. घोळ होतो तो मुदतीचा. ठेवी वर्षा-दोन वर्षांच्या, कर्जं मात्र प्लॉट आणि बांधकामात अडकलेली. जुन्यांचे पैसे नव्या ठेवींतून द्यायचे, हे चालतं तोवर चालतं. "पैसे मिळेनात" अशी कुणकुण बाजारात लागली की बरी चाललेली संस्थाही कोरडी पडते. २०१८ मध्ये रस्ते-बोगद्यांसारख्या कामांत पैसा घालणारी आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी याच दुखण्याने कोसळली: जम्मू-काश्मीरमधल्या चेनानी-नाशरी बोगद्यासारखे वर्षानुवर्षांचे प्रकल्प आणि बरीच उधारी थोड्या मुदतीची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने मोठ्या बिगरबँकिंग वित्त कंपन्यांना हाताशी रोकड राखायला लावली, २०२२ पासून आकार आणि जोखीम बघून त्यांचे चार थर केले. आपल्या गावातल्या पतसंस्थेला यातलं काहीच लागू नाही.

याची किंमत कोण मोजतं, ते मी जवळून पाहिलंय. संस्था अडचणीत आली, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या ठेवीची पावती एका ठेवीदाराने निम्म्याहून कमी पैशांत विकली. घेणारा त्याच संस्थेचा कर्जदार! त्याने ती पूर्ण किमतीला स्वतःच्या कर्जात वळती करून घेतली. मला अजून याची चीड येते. देखरेख करणाऱ्याने वेळेत दप्तर तपासलं असतं, तर ती पावती विकायची वेळच आली नसती.

तेव्हा लग्नाचे, दवाखान्याचे पैसे तिथे नकोत. बाकीचे ठेवायचेच असतील तर आधी अहवाल मागा: ऑडिट वर्ग (हिशेब तपासून दिलेली श्रेणी) कोणता, थकबाकी किती, संचालकांच्या नातलगांना कर्जं किती. दाखवायला टाळाटाळ झाली, तर व्याज कितीही असो, एक रुपयाही ठेवू नका.