चार सेकंद

मंगळवार, रात्री साडेदहा

फ्लाइंग शिकवणाऱ्या सरांनी आज काही न सांगता विमानाचा थ्रॉटल मागे ओढला, इंजिनाची पॉवर गेली. इंदूरजवळच्या हातोदच्या पुढे होतो. अल्टिमीटरवर समुद्रसपाटीपासून 3,850 फूट, पण इंदूरची जमीनच 1,850 फुटांवर, म्हणजे हाताशी दोन हजार फूट. आमच्या सेस्ना 172 विमानाची इंजिन बंद पडल्यावरची ड्रिल मला झोपेतही येते: 65 नॉट स्पीड धर, उतरायला शेत हेर, मग इंजिनाचं कार्ब हीट, फ्युएल, मिक्श्चर, मॅग्नेटो तपास. तरी चारेक सेकंद नुसती आरपीएमच्या काट्याकडे बघत बसले. स्पीड 58.

"किधर उतारोगी?"

मी खालचं हिरवंगार सोयाबीन दाखवलं.

"बारिश में? नोजव्हील धँसेगा, पलटी खाओगी."

माळव्यात जन्म गेला, देपालपूरला आजोबांच्या शेतात दर पावसाळ्यात चपला रुतवून अनवाणी परत येते, आणि वर गेल्यावर काळी माती विसरले! पाचशे फुटांवर सरांनी पॉवर दिली.

कॅन्टीनमध्ये बॅचमेट पोह्यांवर शेव घालता घालता म्हणाला, थ्रॉटल ओढून इंजिन फेल दाखवणं हे नाटकच, मिक्श्चर ओढून, म्हणजे इंधन तोडून, इंजिन खरंच बंद करायला हवं. त्याचा एक मुद्दा बिनतोड आहे: आयडलवर, म्हणजे कमीत कमी पॉवरवर, इंजिन थोडा तरी जोर देतं, बंद पडलं की पंखा वाऱ्यावर फिरत विमानाला मागे ओढतो, म्हणजे आपण शिकतो त्यापेक्षा ग्लाइड (इंजिनाविना तरंगत कापलेलं अंतर) तोकडाच. पण ते पुन्हा सुरू झालंच नाही तर? अमेरिकेने 1949 मध्ये खासगी पायलटच्या परवान्यातून स्पिनच्या (विमान गिरक्या घेत खाली कोसळण्याच्या) सरावाची सक्ती काढली ती सरावातच माणसं जात होती म्हणून.

खोटेपणा मला दुसरीकडेच दिसतो. आजवर प्रत्येक वेळी "अब इंजन फेल" अशी आधी घोषणा, तीही ठरलेल्या जागी. धक्का बसणार कसा? 2009 मध्ये न्यूयॉर्कला दोन्ही इंजिनं गेलेलं विमान हडसन नदीत उतरवलं, त्यानंतर सिम्युलेटरवर तपासलं: लगेच वळलेल्यांपैकी काहींनी ते जिथून उडालं त्या लागार्डिया विमानतळाची धावपट्टी गाठली, 35 सेकंदांचा उशीर धरला तेव्हा विमान पोचलंच नाही. माझे चार सेकंद तर फक्त दोन हजार फुटांवरचे. इंजिन चालू राहू दे, पण मला कळता कामा नये.

आईला सांगितलं, सर्किट मारले, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या नेहमीच्या फेऱ्या. उद्या आजोबांना फोन करून विचारायचंय, देपालपूरकडे पावसाळ्यातही कुठली जमीन टणक राहते.