‘ड्रायव्हर चालत नाही’ यापुढे काय लिहायचं?

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे ती नसलेले पण चांगले चालते संगणक घेऊन पुष्कळ जण लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळताहेत. तिथल्या फोरमवरची जुनी मंडळी त्यांना सांभाळून घेतात का? घेतात, पण प्रश्नात धरायला काहीतरी हवं. नुसतं ‘एनव्हिडियाचा ड्रायव्हर चालत नाही’ लिहिलं की एकतर अंदाजांचा पाऊस पडतो, नाहीतर कुणी ‘मॅन्युअल वाचा’ म्हणून मोकळं होतं.

हाच ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा प्रश्न नीट बघू. उबंटू या डिस्ट्रोवर (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा एक प्रकार) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सहीचा कोड अडवणारी सोय, चालू असेल आणि ड्रायव्हर डीकेएमएसने, म्हणजे तुमच्याच संगणकावर, बनत असेल, तर तो टाकताना एक पासवर्ड ठरवायला लागतो. रीस्टार्ट केल्यावर निळ्या स्क्रीनवर दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात कुठलंही बटण दाबून ‘एनरोल मॉक’ (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरवरच्या सहीची किल्ली मान्य करणं) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. नवखा माणूस घाबरून हात लावत नाही, मोजणी संपते, संगणक नेहमीसारखा सुरू होतो. ड्रायव्हरवरची सही कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळखीची नसते, म्हणून तो लोडच होत नाही. तेव्हा ‘सिक्युअर बूट चालू आहे, निळी स्क्रीन आली होती, मी काही दाबलं नाही’ एवढं लिहिलं तरी जाणकाराला दुखणं लगेच कळतं.

म्हणून डिस्ट्रो, तिची आवृत्ती, आधी काय केलं आणि नेमका एरर हे सगळं लिहा. ‘इन्क्सी’ कमांडला मोठा एफ, तीन एक्स आणि झेड जोडून (inxi -Fxxxz) चालवा. हार्डवेअरची सगळी माहिती मिळते. झेड विसरू नका, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि सीरियल नंबर त्यानेच झाकले जातात. आउटपुट मजकूर म्हणून चिकटवा. मोबाइलने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोतून एरर सहज कॉपी करून शोधता येत नाही.

विचारायचं आपल्याच डिस्ट्रोच्या लोकांना. आर्च या डिस्ट्रोची मंडळी तिच्यावरूनच बनलेल्या मांजारोचे प्रश्न घेत नाहीत. त्यात आकस नाही, दोघांची पॅकेजं वेगळी असतात. आर्चमध्ये विकी वाचून येण्याची अपेक्षा उघड सांगितलेली आहे. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने मिंट या सोप्या डिस्ट्रोपासून सुरुवात करावी, त्यात कमीपणा काहीच नाही.

जुन्यांनाही सांगायचं आहे. ‘दुसरी डिस्ट्रो टाका’ हे उत्तर नव्हे. सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालणारी) कमांड देता, तेव्हा ती काय करते ते एका ओळीत लिहा. समोरच्याला ती चुकीची आहे की बरोबर, हे ओळखता येत नसतं. आणि तो ‘झालं!’ म्हणून निघाला, तर नेमकं कशाने झालं तेवढं विचारून घ्या. त्याच लॅपटॉपचा पुढचा माणूस तेच शोधत येणार आहे.