कोल्पोस्कोपी आणि लीप : माझा अनुभव

आमच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला होता. ३० ते ५९ वयाच्या बायकांची फक्त एकदा एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवू शकणारा विषाणू) चाचणी केली, तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. हे कळल्यावर मीही चाचणी करून घेतली. त्रास काहीच नव्हता, तरी एचपीव्ही १६, म्हणजे या विषाणूचा जास्त धोक्याचा प्रकार, निघाला. घरातून लगेच सल्ला, "पिशवीच काढून टाक." इतक्या सहज हे बोललं जातं याचा मला खरंच राग येतो.

डॉक्टरबाईंनी कोल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीचं तोंड भिंगातून मोठं करून बघायची तपासणी, सांगितली. त्यांनी पिशवीचं तोंड सलाईनने पुसून हिरवा फिल्टर लावला; त्यात रक्तवाहिन्या काळ्या, ठळक दिसतात. मी विनंती केली तेव्हा स्क्रीन माझ्याकडे वळवला. मग पातळ ॲसिटिक ॲसिड लावलं, जरा चुरचुरलं. थोड्याच वेळात एक पांढरा डाग उमटला, त्यावर लाल ठिपके आणि शेजारी जुन्या घरातल्या मोझॅक फरशीसारखी जाळी. ठिपके म्हणजे वर आलेली केशवाहिन्यांची टोकं. बारीक असतील तर बहुधा बदल सौम्य. माझे जाड होते, एकमेकांपासून लांब लांब.

"या पेशी भराभर वाढतात, त्यांना रक्त जास्त लागतं. मग त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून नव्या वाहिन्या वाढवून घेतात," बाई म्हणाल्या. त्यांची नजर मात्र वेड्यावाकड्या, मध्येच रुंद होणाऱ्या वाहिन्या शोधत होती. तशा दिसल्या तर कॅन्सर आत शिरल्याचा संशय. त्या नाजूक असतात, धक्का लागला की फुटतात. या कॅन्सरमध्ये संबंधानंतर रक्त जातं ते त्यामुळे. म्हणून तसं रक्त गेलं तर बायांनो, अंगावर काढू नका. माझ्यात तशी एकही वाहिनी दिसली नाही.

जाड ठिपक्यांच्या जागेवरूनच तुकडा घेतला. कळ आली, पण सोसवली. रिपोर्ट आला सीआयएन ३, म्हणजे कॅन्सरच्या आधीची शेवटची पायरी. मग लीप : जागा बधिर करून तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून तेवढाच भाग कापला. त्याच दिवशी घरी. काही दिवस काळपट, पाणचट स्राव. महिनाभर जड उचलणं आणि संबंध बंद. पिशवी शाबूत आहे. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे कडेला खराब पेशी नव्हत्या. सहा महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही चाचणी, आणि पुढेही कित्येक वर्षं तपासणी चालू ठेवायची आहे.